व्हॉल्व्हमनचं तिसरं झाड

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्याला व्हॉल्व्हमनच म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि तिथे ते सुखरूप होतं.

एके काळी अर्ध्या शहराचं पाणी त्याच्या हातात होतं. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, खाली चौकोनी तोंड, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, खालच्या चेंबरमध्ये चावी सोडायची आणि दांडा धरून तिच्याभोवती फिरायचं. पाइपातून पाणी सुटलं की चावी थरथरते. ती थरथर तळहातांना कळली की पुढचं झाकण. ठरलेल्या वेळी परत यायचं आणि उलटं फिरायचं. नोकरी एवढीच होती, पण तिच्यासाठी लोक त्याच्या चपलांचा आवाज ओळखायला शिकले होते.

“अहो, जरा राहू द्या, घरात पाहुणे आलेत,” एका दारातून यायचं.

“सासूबाई अंघोळीला बसल्यात हो! अंगाला साबण तसाच आहे!”

“पुसून घ्या म्हणावं,” तो म्हणायचा आणि फिरायला लागायचा.

शिव्या देणाऱ्यांचं पाणी त्याने कधी कमी केलं नाही, चहा देणाऱ्यांचं कधी वाढवलं नाही. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या लोकांचं त्याच्याबद्दल एकच मत होतं. त्याच्या स्वतःच्या बायकोचंही त्याहून वेगळं नव्हतं. एकदा ती डोक्याला साबण लावून बसली असताना नळ गेला. ती तशीच, डोळे मिटून, दारापर्यंत आली आणि रस्त्यावर ऐकू जाईल असं काहीतरी बोलली. त्याने ते ऐकलं आणि उरलेले आटे पूर्ण फिरवले.

मग टेकडीवर मोठी टाकी झाली, व्हॉल्व्हना मोटारी बसल्या आणि कुठल्या तरी कचेरीत कुणीतरी बटणं दाबू लागलं. नळाला दिवसभर पाणी आलं. त्याच सुमारास तो निवृत्त झाला. निरोप समारंभात खात्याने त्याला प्लास्टिकच्या कुंडीतलं अ‍ॅव्होकाडोचं कलम दिलं. कुणाच्या डोक्यातून ते आलं, हे कधी कळलं नाही. बहुधा घड्याळं संपली असावीत.

घरी बसल्यावर सुरुवातीला तो अवेळी उठून नळ उघडून बघायचा. पाणी यायचं. त्याला त्यात काहीतरी गडबड वाटायची.

घरामागे अंगण होतं. धुण्याच्या दगडाजवळ बायकोने कधीतरी लावलेलं लिंबाचं झाड होतं. घर बांधताना उरलेल्या विटांच्या तुकड्यांच्या ढिगावर तिने ते खोचलं होतं, कारण दुसरीकडची जमीन टणक होती आणि तिला वेळ नव्हता. ती घरी पडदे शिवायची, वेळ तिच्याकडे कधीच नसायचा. लिंबाला कुणी विचारत नव्हतं आणि ते लिंबांनी लगडलेलं असायचं. व्हॉल्व्हमनला त्या झाडाबद्दल आदर नव्हता. त्याची लागवड ओबडधोबड होती.

अ‍ॅव्होकाडोसाठी त्याने स्वतः खड्डा घेतला. चौकोनी, कमरेइतका खोल. बाजू ओळंबा सोडून सरळ केल्या, पाण्याचा हात मारून चिकणमाती धुमसाने चोपली, तळही चोपला, आणि सगळं असं गुळगुळीत केलं की आत बसून जेवावं. त्याच्या खात्यात गळकं चेंबर ही लाजेची गोष्ट होती. सोबतीला आणलेल्या संत्र्याच्या कलमासाठी शेजारी तसाच एक लहान खड्डा घेतला. मग त्यांत माती भरली, झाडं लावली आणि पाणी सोडलं.

आयुष्यभर त्याने पाणी सोडलं होतं, पण ते कुठे जातं हे पाहिलं नव्हतं. पाइपात जातं, एवढंच. झाडाला घातलेलं पाणी पान होऊन बाहेर येतं, हे त्याने पहिल्यांदाच जवळून पाहिलं. कोवळी पानं तांबूस यायची, लोंबायची, मग हिरवी होऊन ताठ व्हायची. तो पाट मांडून समोर बसायचा. पान जरा लोंबलं की उठून नळ उघडायचा.

पहिलं झाड वर्षाच्या आत गेलं. त्याने त्याच खड्ड्यात दुसरं लावलं, तेही गेलं. संत्रं मेलं नाही, पण जगतही नव्हतं. पानं पिवळी, खोडावर जमिनीलगत डिंकाचे थेंब.

दुसऱ्या झाडाचा सापळा उपटून टाकला त्या दिवशी बायको शिलाई मशीन थांबवून अंगणात आली.

“आता ऐका. मला कपडे वाळत घालताना घोट्यापर्यंत चिखलात उभं राहावं लागतं. धाकटा केव्हाचा म्हणतोय, ताई, फरशी घालून देतो.”

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तो फरशीवाला होता आणि जगाकडे फरशी घातलेलं आणि फरशी घालायचं राहिलेलं, अशा दोनच नजरांनी बघायचा.

“अजून एक झाड लावू दे,” व्हॉल्व्हमन म्हणाला.

“लावा. पण हे मेलं तर अंगणभर फरशी. लिंब सोडून. नंतर कुरकुर चालणार नाही.”

तिसरं झाड त्याने नर्सरीत बराच वेळ पारखून आणलं. ते छातीएवढं झालं, एक थंडी काढली, आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने मान टाकली. पानं खाली वळली, कडा करपल्या, शेंड्याच्या काड्या सुकू लागल्या. व्हॉल्व्हमनने सकाळी पाणी घातलं. दुपारी पानं तशीच, म्हणून दुपारी घातलं. संध्याकाळी ती आणखी लोंबली, म्हणून नळाची नळी आळ्यात सोडून तो पाटावर बसून राहिला.

बायकोने नर्सरीवालीला बोलावून आणलं. ती धिप्पाड बाई होती, नखांत माती, बोलायला फटकळ. तिने आळ्यात बोट खुपसलं, मूठभर माती काढून दाबली. मातीचा गोळा झाला आणि बोटांमधून पाणी आलं. मग कडेची चार बोटं माती उकरून तिने एक मूळ ओढलं. ते काळं होतं आणि काडीसारखं मोडलं.

“काका, किती पाणी घालता?”

“लागेल तेवढं.”

“हे झाड बुडतंय.”

“बुडतंय? पानं बघा. तहानेने मान टाकलीय त्यांनी.”

“तहानेने पण असंच दिसतं आणि बुडाल्यावर पण असंच दिसतं. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही. खाली तळं आणि वर दुष्काळ. संत्र्याच्या खोडाला डिंक येतोय तोही त्यातलाच. या झाडांची मुळं वरवरची, त्यांना ओलीइतकीच हवा लागते. वरची वीतभर माती सुकल्याशिवाय थेंबभर घालायचं नाही.”

“मी नोकरीत एवढी वर्षं काढली,” व्हॉल्व्हमन म्हणाला. “पाणी जास्त झालं अशी एकही तक्रार आली नाही.”

“माणसं बादली भरली की नळ बंद करतात काका. झाडाला हात नाहीत.”

“आधीची दोन झाडं तुमच्याकडचीच होती. तेव्हा का नाही सांगितलं?”

“एक तुमच्या खात्याने नेलं. दुसरं तुम्ही. दोघांनीही विचारलं नाही. मी रोपं विकते.”

ती गेल्यावर व्हॉल्व्हमनने तिचं बोलणं मनावर घेतलं आणि फक्त दोनदाच पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या नळाला मूठ नव्हती. तोटीच्या डोक्यावर नुसता पितळी खुंट उभा होता. तो चिमटीत धरून त्याने फिरवून पाहिला, मग दाताने पाहिला. मग आत गेला.

“अगं, मूठ कुठे आहे?”

“कसली?” मशीन चालूच होतं.

“नळाची.”

“ठेवलीय. आज झाडाची पाळी नाही.”

“पाळी कुणी ठरवली?”

“मी.”

“ऊन बघ केवढं आहे.”

“ऊन सगळ्यांनाच आहे.”

“नुसतं तोंड ओलं करतो त्याचं.”

“तुम्ही किती जणांची तोंडं ओली केलीत ते सांगा, मग देते.”

“तो नियम होता,” तो म्हणाला.

“हाही नियमच आहे.”

त्यानंतर त्याला फार तहान लागू लागली. तो स्वयंपाकघरातून तांब्या भरून घ्यायचा, पीत पीत अंगणात जायचा आणि रिकामा तांब्या घेऊन परत यायचा. बायको काही दिवस खिडकीतून बघत राहिली.

“बरंच पाणी पिताय हल्ली.”

“उन्हाळा आहे.”

“मग लघवीला एवढं कमी कसं जाता?”

त्या दिवसापासून तांब्याही बंद झाला. आता तो पाटावर बसायचा आणि हात मांड्यांखाली दाबून ठेवायचा.

पण माती वाळेना. दिवस गेले, ऊन चढत गेलं, अंगणाला भेगा पडल्या, आणि झाडाच्या बुंध्याशी बोट घातलं तर बोट ओलं. झाडाला आता मोजकी पानं उरली होती आणि वारा नसतानाही त्यांतलं एखादं पडायचं.

“तुम्ही घालताय,” बायको म्हणाली.

“नाही घालत.”

“शपथ?”

“शपथ. एक थेंब नाही.”

“मग मी घालतेय का?”

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तो पाण्याच्या बाबतीत खरं बोलत होता आणि त्याच्यावर विश्वास बसण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. बायको मशीनवर जाऊन बसली. तिथूनच तिने भावाला फोन केला. “ये,” ती म्हणाली. “माप घेऊन जा.”

मेहुणा माप घ्यायला आला आणि फरशाही घेऊनच आला. छोट्या टेम्पोतून त्या उतरवून त्याने भिंतीला टेकवल्या. करड्या रंगाच्या, एका इमारतीच्या कामातून उरलेल्या. मग त्याने झाडाकडे पाहिलं.

“हे गेलंच की भावोजी.”

“पानं आहेत अजून.”

“मला मोजता येतात, एवढीच आहेत.”

खालचा थर कसा आहे हे बघायला त्याने अंगणात जागोजागी सळई ठोकून पाहिली. सगळीकडे टणक. झाडापाशी सळई लोण्यात गेल्यासारखी गेली. त्याने ती थोडी बाजूला सरकवली, पुन्हा टणक. पुन्हा झाडाकडे, पुन्हा लोणी. तो गुडघ्यांवर बसला आणि कडेची माती हातभर खोल उकरली.

“भावोजी, इथे खाली काही बांधलंय का?”

“काही नाही. झाडाचा खड्डा आहे.”

“खड्ड्याला भिंत आहे.”

“भिंत नाही ती. चोपलंय.”

“कशाने?”

“धुमसाने.”

मेहुण्याने भिंतीवरून बोट फिरवलं. मग खिशातून पाणसळ काढून तिला लावली आणि बुडबुडा स्थिर व्हायची वाट पाहिली.

“ताई! इकडे ये! हे बघ. केसभर इकडेतिकडे नाही. माझ्याकडे काम करणाऱ्यांना आणून दाखवायला पाहिजे हे.”

लग्नानंतर सासरच्या कुणीही व्हॉल्व्हमनची एवढी स्तुती केली नव्हती. त्याला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात मेहुण्याने सळई उपसली आणि तिच्याबरोबर वास आला.

तो वास त्याला झाडापाशी पहिल्यांदाच आला, पण त्याच्या ओळखीचा होता. चेंबरची मोरी तुंबते, पाणी आतच साचतं, महिनोन्‌महिने हलत नाही, आणि मग झाकण उचलल्यावर जो वास तोंडावर येतो, तो. अशी चेंबरं त्याने कितीतरी पाहिली होती, त्यांची निचऱ्याची वाट मोकळी करून दिली होती, आणि ज्याने कुणी ती वाटच न ठेवता चेंबर बांधलं त्याच्या अकलेबद्दल मोकळेपणाने बोललाही होता.

तो पाटावर बसला.

“पाणी जायला वाट नाही,” तो म्हणाला.

“कुठून जाईल? तुम्ही ठेवलीच नाही,” मेहुणा म्हणाला. “ही टाकी आहे, भावोजी. पहिल्या प्रतीची टाकी. तुम्ही टाकीत झाडं लावलीत.”

“गळू द्यायचं नसतं.”

“कुणाला?”

व्हॉल्व्हमनने धुण्याच्या दगडाकडे पाहिलं. लिंबाच्या झाडाखाली विटांचे तुकडे दिसत होते आणि वर लिंबं होती. बायको दारात उभी होती, गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी.

“मला वेळ दे,” तो तिला म्हणाला.

तिने टाचणी तोंडातून काढली. “किती?”

हा प्रश्न आयुष्यभर लोक त्याला विचारत आले होते आणि त्याचं उत्तर त्याला नेहमी तोंडपाठ असायचं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

वेळेबद्दल बोलताना हे दोन शब्द तिने त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

“फरशा भिंतीलाच राहू देत,” ती भावाला म्हणाली. “आणि आलाच आहेस तर पहार घे.”

ते काम दिवसभर चाललं. नर्सरीवालीला फोन केला तर ती म्हणाली, जगेल याची खात्री नाही, पण तसंही मरतंयच. म्हणून आधी तिने सांगितल्याप्रमाणे झाड भोवतीच्या मातीसकट उचलून गोणपाटावर सावलीत ठेवलं. आतला चिखल घमेल्यांनी उपसला. मग व्हॉल्व्हमन स्वतः खड्ड्यात उतरला आणि उताराकडच्या भिंतीवर पहार घातली. भिंत पडेना. ती फारच चांगली होती.

“आणा, मी मारतो,” मेहुणा म्हणाला.

“नको.”

“तुमच्या जिवावर आलंय.”

“तू बोलू नकोस, मार तरी किंवा गप्प तरी बस.”

दोघांनी आळीपाळीने मारून शेवटी ती फोडली. तिथून अंगणाच्या सखल कोपऱ्यापर्यंत चर खणला. चराचा उतार व्हॉल्व्हमनने नजरेने धरला आणि मेहुण्याने पाणसळ लावून पाहिला. तो बरोबर होता. चरात आणि खड्ड्याच्या तळाशी टेम्पोत पडलेले फुटक्या फरशांचे तुकडे भरले. वर भुसभुशीत माती आणि पालापाचोळा घालून जमिनीपेक्षा उंच उंचवटा केला, आणि झाड त्याच्या माथ्यावर असं बसवलं की कलमाचा जोड मातीच्या बराच वर राहील. संत्र्याच्या खड्ड्याची भिंतही त्याच चरात फोडून घेतली आणि खोडाला लागलेली माती मागे ओढली.

काळी मुळं कापल्यावर झाडाला खाली फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून वरचंही निम्मं कापावं लागलं. उघड्या खोडाला उन्हाचा चटका बसू नये म्हणून चुना लावला. शेवटी उंचवट्यावर एक पांढरा दांडा उभा राहिला. नवख्या माणसाला वाटलं असतं, इथे कुणीतरी हद्द आखतोय.

मग काहीच घडलं नाही. दररोज तो बोट खुपसायचा, वीतभर कोरडं लागलं की बायकोला सांगायचा, ती येऊन स्वतःचं बोट खुपसायची, आणि मग मूठ आणून द्यायची. पाणी आळ्यातून खाली जायचं आणि थोड्या वेळाने सखल कोपऱ्यातली माती ओली दिसायची. पाणी निघून जाताना बघणं त्याला सुरुवातीला त्रासाचं झालं. संत्र्याने नवी पानं काढली. दांडा दांडाच राहिला.

ऊन उतरू लागलं तेव्हा चुन्याच्या थराला तडा देऊन एक तांबूस कोंब बाहेर आला. व्हॉल्व्हमनने बायकोला हाक मारली, बायकोने भावाला फोन केला, भाऊ नर्सरीवालीला टेम्पोत घालून घेऊन आला. सगळे उंचवट्याभोवती वाकून उभे राहिले.

“कोंब जोडाच्या खाली आहे,” नर्सरीवाली म्हणाली. तिने वरच्या खोडाची साल नखाने खरवडली. आत तपकिरी. “वरचं कलम गेलं. हा खालचा खुंट फुटलाय. याला फळ आलं तरी कसलं येईल देव जाणे.”

“म्हणजे मेलं,” मेहुणा म्हणाला. “ताई, तू काय म्हणाली होतीस?”

“जिवंत आहे,” व्हॉल्व्हमन म्हणाला.

“जे आणलं होतं ते मेलं ना भावोजी! हे दुसरंच कुणीतरी आहे. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू.”

“मुळं कुणाची?”

“भाडेकरूची.”

“मग घर त्याचं.”

दोघंही बायकोकडे बघू लागले. तिने पदराला हात पुसले आणि वाकून कोंबाला जरासं बोट लावलं. मग नर्सरीवालीला विचारलं, “यावर दुसरं कलम बांधता येतं?”

“येतं की. थंडी संपताना हा पेन्सिलीएवढा जाड झाला तर बांधून देते.”

“मी म्हटलं होतं, झाड मेलं तर,” बायको भावाकडे वळून म्हणाली. “हे वाढतंय. मेलेलं वाढत नाही.”

“असं बोलून तू उद्या लिंबाच्या काडीलाही—”

“धाकट्या, चहा घेणार का?”

थंडी संपताना नर्सरीवालीने कलम बांधलं. कोंबाला फाक दिली, तिच्यात चांगल्या झाडाची डोळे असलेली काडी बसवली, पट्टी घट्ट गुंडाळली आणि व्हॉल्व्हमनला सांगितलं की आता बघायचं फक्त, आणि तेही लांबून. कलम लागलं. दोन डोळे फुटले.

फरशी मात्र बायकोने घालून घेतलीच, कारण चिखल हा वेगळा प्रश्न होता. मेहुणा उंचवट्यापर्यंत सरळ रांगा घालत आला आणि तिथे अडला. चौकोनी फरशा गोलाला लागेनात. त्याने प्रत्येक फरशी वेगळी कापली, घासली, लावून पाहिली, काढून पुन्हा घासली. संबंध दिवस तो झाडाला, ताई-भावोजींना आणि स्वतःच्या धंद्याला शिव्या घालत होता. शेवटी झाडाभोवती फरशीचं असं सुबक वर्तुळ तयार झालं की तो उठून लांब गेला आणि तिथून त्याकडे बघत उभा राहिला.

“एक सांगून ठेवतो,” तो म्हणाला. “हे झाड आता मेलं तर हे गोल भोक मला भरता येणार नाही. ही फरशी बंद झालीय. जुळती मिळणार नाही कुठे.”

“मग त्याला मरता येणार नाही,” बायको म्हणाली.

व्हॉल्व्हमन वर्तुळाच्या कडेला उकिडवा बसला होता. बुंध्याला टेकलेला पाचोळा तो बोटाने थोडा मागे सारत होता.

“ऐकलंस ना?” तो म्हणाला. कुणाला, ते त्या दोघांनी विचारलं नाही.